एसीत घरीच गॅस भरला, आता सिग्नलला गरम हवा येते

"दादा नमस्कार. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, मागच्या उन्हाळ्यापासून एसीचं कूलिंग हळूहळू कमी होत गेलं आणि यंदा अकोल्यात पारा ४४ च्या वर गेल्यावर तर गाडीत बसवेना. गॅरेजवाला म्हणाला गॅस संपलाय, भरावा लागेल. मी व्हिडिओ बघून आर-१३४ए चे ४५० ग्रॅमचे दोन कॅन, पाइप आणि छोटं गेज ऑनलाइन मागवलं आणि एका दुपारी घरासमोरच लो साइडने, म्हणजे कमी दाबाच्या पाइपच्या तोटीतून, भरलं. काटा हिरव्या पट्ट्यात यावा म्हणून भरत गेलो, कॅन उलटा धरून हलवत हलवत पूर्ण रिकामा केला. दोन दिवस मस्त गार. आता हायवेला ठीक चालतं, पण बाजारात, सिग्नलला थांबलो की गरम हवा, आणि कंप्रेसर टक करून सुटतो, थोड्या वेळाने परत टक करून लागतो. गेज लावलं तर एसी चालू असताना ५५ दाखवतं. दुसरा कॅन सीलबंद पडून आहे. त्यातला अर्धा टाकू, की तोटीतली पिन दाबून थोडा गॅस सोडून देऊ? २० तारखेला आईला डोळ्याच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीला नागपूरला न्यायचंय. – एक वाचक, अकोला"

भाऊ, दोन्ही नका करू. टाकूही नका आणि सोडूही नका. तुमच्या पत्रात जेवढं लिहिलंय त्यावरून मला तरी वाटतं की गॅस जास्त झालाय, पण ते पक्कं करायच्या दोन-तीन गोष्टी तुम्ही घरीच करू शकता, त्या खाली सांगतो. आणि एक आधीच सांगून ठेवतो, की शेवटी गाडी एकदा वजनाने गॅस भरणाऱ्या माणसाकडे न्यावीच लागणार आहे, कारण आत्ता तुमच्या सिस्टीममध्ये नक्की किती गॅस आहे हे तुम्हाला, मला, त्या गेजला, कोणालाच माहीत नाही, आणि जोवर तो आकडा माहीत नाही तोवर बाकी सगळा अंदाजच.

गॅरेजवाला जे बोलला ना, "गॅस संपला", तिथूनच हे सगळं सुरू होतं. गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही हो. तोच गॅस फिरत राहतो, कंप्रेसर त्याला दाबतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून पातळ, म्हणजे द्रव, होतो, एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जाऊन उकळतो आणि आतली उष्णता घेऊन परत कंप्रेसरकडे. घरातल्या फ्रिजमध्ये आपण दर दोन वर्षांनी गॅस भरतो का? नाही ना. गाडीत रबरी पाइप आहेत, इंजिनाची थरथर आहे, म्हणून वर्षाला काही ग्रॅम इकडेतिकडे झिरपतात हे खरं, पण एका उन्हाळ्यात कूलिंग एवढं पडलं याचा अर्थ कुठेतरी लिकेज आहे. आणि लिकेज न शोधता गॅस भरला तर तो पुढच्या मे महिन्यापर्यंत परत जाणारच, मग तो तुम्ही भरा नाहीतर कोणीही भरो.

आता ते हिरव्या पट्ट्याचं बघू. मला त्या छोट्या गेजचा खरंच राग येतो, कारण ते माणसाला खोटा धीर देतं. लो साइडचा काटा गॅस किती आहे हे दाखवत नाही, तो फक्त कूलिंग कॉइलमधलं प्रेशर दाखवतो, आणि ते प्रेशर बाहेर ऊन किती, ब्लोअर कितीवर, इंजिनाचे आरपीएम किती, काचा उघड्या की बंद, या सगळ्यावर हलतं. आर-१३४ए चं असं आहे की ३० पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) तो साधारण १-२ अंशाला उकळतो, आणि ५५ पीएसआयला साधारण १५ अंशाला. म्हणजे तुमचा काटा ५५ म्हणतोय याचा सरळ अर्थ एवढाच की कॉइल १५ अंशाच्या खाली जातच नाहीये, मग ४४ अंशाच्या उन्हात त्यावरून गेलेली हवा गार कशी लागेल. पण ते ५५ का झालं हे काटा सांगत नाही. गॅस जास्त झाला तरी ५५ होतं, कंप्रेसर आतून थकला असेल तरी ५५ होतं, कंडेन्सरचा फॅन बंद असेल तरी होतं. हे वेगवेगळं ओळखायला हाय साइडचं, म्हणजे कंप्रेसरच्या पुढच्या जास्त दाबाच्या बाजूचं, प्रेशर सोबत बघावं लागतं, आणि ते तुमच्या त्या किटमध्ये नाहीच. (आणि ते बरंच आहे. हाय साइडची तोटी मुद्दाम मोठी ठेवलेली असते, तुमचा पाइप तिच्यावर बसतच नाही. कोणी जुगाड करून तिथे कॅन लावायला सांगितला तर त्याच्यापासून लांब राहा, चालू एसीत तिथे २५०-३०० पीएसआय असतं, ते उलट कॅनमध्ये शिरलं तर पत्र्याचा कॅन फुटतो.)

व्हिडिओचं पण एक सांगतो. असे व्हिडिओ बरेचसे अमेरिकेतले असतात, तिकडे १२ औंसाचा म्हणजे ३४० ग्रॅमचा कॅन चालतो आणि तिथल्या मोठ्या गाड्यांना गॅसही जास्त लागतो. आपल्याकडच्या लहान हॅचबॅकला पूर्ण रिकाम्या सिस्टीमला मिळून साधारण ३२० ते ४५० ग्रॅम लागतो, गाडीगाडीप्रमाणे. तुमच्या सिस्टीममध्ये आधीचा गॅस होता, थोडं तरी कूलिंग येत होतं म्हणजे होताच, आणि त्यावर तुम्ही ४५० चा पूर्ण कॅन रिकामा केलात. समजा गाडीला ३८० लागतो आणि आत २०० उरला होता, तर आता ६५० झाला. हे माझे धरलेले आकडे आहेत, पण तुमचे खरे आकडे काढणं अवघड नाही, आणि तेच पहिलं काम.

बॉनेट उघडा, आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक स्टिकर असतं, त्यावर आर-१३४ए लिहिलेलं असेल आणि पुढे ग्रॅम किंवा किलोत आकडा, म्हणजे ०.३८ असं काहीतरी. स्टिकर उडालं असेल तर गाडीचं पुस्तक किंवा शोरूमचं सर्व्हिस काउंटर. मग तो सीलबंद दुसरा कॅन आणि रिकामा झालेला पहिला कॅन, दोन्ही स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा (रिकाम्यावरून तोटी काढून). दोन्ही एकाच कंपनीचे एकाच मापाचे असतील तर वजनातला फरक म्हणजे तुम्ही गाडीत घातलेला गॅस. आता तो आकडा स्टिकरच्या आकड्याच्या शेजारी मांडा. एकट्या कॅनमधून गेलेला गॅसच स्टिकरच्या जवळ किंवा वर असेल तर मग अजून काही सिद्ध करायला नको, जास्त झालाय. या सिस्टीमला २०-३० ग्रॅम इकडेतिकडे चालतं, शे-दोनशे ग्रॅम चालत नाही.

जास्त झाला तर गार जास्त व्हायला पाहिजे ना, असं वाटतं बऱ्याच जणांना. होतं उलटं. जास्तीचा गॅस पातळ होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साठून बसतो, मग गॅसला थंड होऊन पातळ व्हायला जी जागा पाहिजे ती उरत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचं प्रेशर चढत जातं आणि साधारण ४५० पीएसआयच्या आसपास गेलं की बऱ्याच गाड्यांत प्रेशर स्विच कंप्रेसरचा क्लच (त्याला इंजिनाशी जोडणारा भाग) सोडवतो. हाच तुमचा टक. प्रेशर उतरलं की परत लावतो, परत टक. हायवेला ८० च्या स्पीडने समोरून एवढा वारा लागतो की तेवढ्याच कंडेन्सरमध्ये पण निभावून जातं, सिग्नलला वारा बंद आणि डांबराची धग वर, की संपलं. शिवाय तुम्ही कॅन उलटा धरलात, म्हणजे लो साइडमध्ये वाफेऐवजी पातळ गॅस गेला. पातळ पदार्थ दाबला जात नाही, तो कंप्रेसरमध्ये शिरला तर व्हॉल्व्हच्या पट्ट्यांना मार बसतो. बसलाच असेल असं नाही म्हणत, पण एसी लावल्यावर कंप्रेसरमधून घरघर, खडखड असा आवाज नव्याने येत असेल तर त्या क्षणापासून एसी बंद ठेवा, कारण कंप्रेसर आतून झिजायला लागला की त्याचा चुरा सगळ्या सिस्टीममध्ये फिरतो आणि मग कंडेन्सर, व्हॉल्व्ह सगळंच बदलत बसावं लागतं.

पण थांबा, हायवेला बरं आणि सिग्नलला गरम हे लक्षण गॅस कमी असला तरी येतं, म्हणून नुसत्या त्यावर जाऊ नका. फरक इथे बघायचा, की कंप्रेसर सुटतो त्या क्षणाला लो साइडचा काटा कुठे आहे. गॅस कमी असेल तर कंप्रेसर लागला की काटा झपकन खाली येतो, २०-२५ पर्यंत, आणि मग सुटतो. गॅस जास्त असेल किंवा कंडेन्सर थंड होत नसेल तर काटा ५०-५५ वरच असतो आणि तरीही सुटतो. तुमचं दुसरं वाटतंय. सुटल्यावर मात्र काटा दोन्हीकडे वर जाणारच, त्याला घाबरू नका, तो आकडा वाचायचाच नाही. भरताना नेमकं हेच होतं बऱ्याच लोकांचं, कंप्रेसर सुटलेला असताना वाचतात, लाल दिसतं, मग लागल्यावर हिरवं दिसतं, मग अजून थोडं भरतात.

आता फॅन. हे मला आधीच सांगायला पाहिजे होतं असं वाचताना वाटेल तुम्हाला, कारण अर्ध्या गाड्यांचं दुखणं इथेच निघतं. इंजिन चालू, एसी फुल, गाडी उभी, बॉनेट उघडा आणि बघा, हात घालायचा नाही, कारण फॅन कधीही अचानक लागतो. एसी लावल्यावर थोड्याच वेळात फॅन फिरायला पाहिजे. काही गाड्यांना दोन फॅन असतात, दोन्ही बघा. फॅन फिरतो पण रडत रडत फिरतो, असंही होतं, मोटर म्हातारी झालेली असते. आणि ग्रिलमधून टॉर्च मारून कंडेन्सर बघा. तुमच्याकडे अकोल्याला कापसाचे तंतू, धूळ, किडे याचा असा काही थर बसतो पट्ट्यांवर की वारा आतच जात नाही. इंजिन गार असताना साध्या पाइपने, हळू धारेने, वरून खाली धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन नको, त्या पट्ट्या वाकून चिकटतात आणि होता तेवढा वाराही बंद.

त्यातच एक जुनी ट्रिक करून घ्या. गाडी उभी, एसी चालू, आत गरम हवा यायला लागली, कंप्रेसर टकटक करायला लागला की समोरच्या ग्रिलमधून कंडेन्सरवर बारीक पाणी मारायला सांगा कोणाला तरी, आणि तुम्ही आत जाळीसमोर हात धरून बसा. मिनिटाभरात हवा गार होऊ लागली, लो साइडचा काटा ५५ वरून उतरू लागला आणि टकटक थांबली, तर कंप्रेसर ठीक आहे आणि भानगड कंडेन्सरच्या बाजूची आहे, म्हणजे गॅस जास्त, किंवा फॅन, किंवा कचरा, किंवा आत हवा. पाणी मारूनही ढिम्म फरक नाही, काटा वरच, तर मग कंप्रेसर किंवा एक्सपान्शन व्हॉल्व्हकडे बघावं लागेल आणि ते घरचं काम नाही.

"आत हवा" म्हटलं, त्याचं सांगतो. पाइप जोडताना त्यातली हवा बाहेर काढली नाही तर ती सिस्टीममध्ये जाते, आणि हवा कंडेन्सरमध्ये कधीच पातळ होत नाही, नुसती जागा अडवून प्रेशर वाढवते. आता खरं सांगायचं तर एवढ्याशा पाइपमधली हवा अगदी थोडी असते, तेवढ्याने इतकं बिघडत नाही. पण मागे कधी कंडेन्सर किंवा पाइप बदलला असेल आणि व्हॅक्यूम न करताच गॅस भरला असेल, तर हवा भरपूर असू शकते, आणि हवेबरोबर ओलावा. हे तपासायला रात्रभर गाडी सावलीत उभी ठेवा, पहाटे इंजिन चालू न करता गेज लावा आणि बॉनेटच्या आतलं तापमान साध्या थर्मामीटरने घ्या. शुद्ध आर-१३४ए असेल तर २५ अंशाला साधारण ८२ पीएसआय, ३० अंशाला ९७, ३५ ला ११४ दाखवायला पाहिजे. गंमत बघा, आत २५० ग्रॅम असो की ६५०, थोडा जरी पातळ गॅस आत आहे तोवर हा आकडा तोच राहतो, म्हणूनच बंद गाडीतल्या प्रेशरवरून गॅस किती ते कळत नाही. पण ३० अंशाला ११५-१२० दाखवलं तर आत आर-१३४ए शिवाय दुसरं काहीतरी आहे, हवा किंवा भलताच गॅस. आणि खूपच कमी, ५०-६० दाखवलं, तर गॅस परत निघून गेलाय. छोट्या गेजमध्ये ४-५ पीएसआयची चूक धरून चला.

भलत्या गॅसचं बोललो ते उगाच नाही. स्वस्त कॅनमध्ये काय भरलेलं असेल याची खात्री नसते. २०११ मध्ये जहाजावरच्या रेफ्रिजरेटेड कंटेनरचे कंप्रेसर फुटून व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये मिळून तीन कामगार गेले, तपासात आलं की आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये आर-४० म्हणजे मिथाइल क्लोराइड मिसळलेलं होतं, ते ॲल्युमिनियमशी रिॲक्शन करून असं काही तयार करतं की हवा लागताच पेटतं. गाडीतला कंडेन्सर, कॉइल, कंप्रेसरची बॉडी, सगळं ॲल्युमिनियमच आहे. तुमच्या कॅनमध्ये तसं असेल असं मी अजिबात म्हणत नाही, पण कॅनवर कंपनीचं नाव, बॅच नंबर, गॅसचं नाव नीट छापलेलं आहे का ते बघा, आणि "लीक स्टॉप" किंवा सीलर असं काही लिहिलंय का तेही बघा. असेल तर गॅस काढणाऱ्याला ते आधी सांगा. सीलर त्याच्या मशीनमध्ये जाऊन घट्ट होतो, त्याचं मशीन खराब होतं, आणि तुमचा एक्सपान्शन व्हॉल्व्हही तुंबतो. लपवू नका, घरी भरलाय हे पण लपवू नका, तो माणूस त्यावरूनच ठरवेल आधी काय तपासायचं ते.

पिन दाबून गॅस सोडायचं का नको म्हणालो, ते ऐका. एक तर किती सोडायचा? परत तोच अंदाज. दुसरं, आर-१३४ए उणे २६ अंशाला उकळतो, बोटावर आला तर चटका बसावा तशी कातडी जाते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. तिसरं, गॅससोबत कंप्रेसरचं तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, आणि किती तेल गेलं ते कळायला मार्ग नाही, कमी तेलावर कंप्रेसर फार दिवस टिकत नाही. आणि चौथं मला मनापासून लागतं म्हणून सांगतो, हा गॅस हवेत सोडणं म्हणजे साधी गोष्ट नाही. कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट उष्णता अडवतो तो, १०० वर्षांच्या हिशोबाने. म्हणजे तुम्ही घरासमोर १०० ग्रॅम सोडलात तर ते ६० लिटरच्या आसपास पेट्रोल जाळल्यासारखं झालं, दीड-दोन टाक्या, अर्ध्या मिनिटात. २०१६ मध्ये किगालीला जो करार झाला तो याच जातीच्या गॅससाठी, आपल्या देशाने २०२१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने हे गॅस कमी करायचे आहेत. आधीच ऊन सोसवेना झालंय आपल्या विदर्भात, त्यात आपण स्वतःच्या हाताने भर नको घालायला.

मग करायचं काय? असं दुकान शोधा जिथे गॅस काढायचं मशीन आहे आणि वजनाचा काटा आहे. फोनवरच विचारा, "जुना गॅस मशीनने काढता का आणि किती निघाला ते ग्रॅममध्ये सांगता का?" समोरचा म्हणाला "तशी गरज नाही, आम्ही प्रेशरवर भरतो", तर दुसरीकडे जा, मग तो कितीही जुना आणि नावाजलेला असो, कारण तो तुमच्या त्या छोट्या गेजचंच काम मोठ्या गेजने करणार आहे. मशीन असलेला माणूस आधी दोन्ही बाजूंचं प्रेशर बघेल. ४२-४४ अंशाच्या दुपारी सगळं ठीक असलेल्या गाडीत हाय साइडला साधारण २५० ते ३०० मिळायला पाहिजे. ३५०-४०० च्या वर आणि लो साइड ५५ म्हणजे गॅस जास्त किंवा कंडेन्सर गार होत नाही. हाय साइड १५०-१८० वर अडकलेली आणि लो साइड ५५, तर कंप्रेसर गेला, आणि ते तुम्ही गॅस भरायच्या आधीपासूनच जात आला असेल कदाचित.

मग सगळा गॅस काढून वजन, मग लिकेज. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावणं हे माझ्या मते अजूनही सगळ्यात भरवशाचं, मशीनचा डिटेक्टर किंवा यूव्ही डाय (अल्ट्राव्हायोलेट उजेडात चमकणारा रंग) असेल तर उत्तमच. तुम्ही स्वतः आधी एक नजर टाका, जिथे गॅस झिरपतो तिथे सोबत तेल येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग होतो. कंडेन्सरच्या खालच्या कडा, जिथे खडी लागते, पाइपांचे जोड जिथे ओ-रिंग असते, कंप्रेसरच्या पुढच्या बाजूला पुलीमागे, आणि ज्या तोटीतून तुम्ही गॅस भरलात ती. त्या तोटीवर साबणाचा एक थेंब ठेवून बघा, बुडबुडा आला तर आतली पिन नीट बसली नाहीये, पिन बदलणं अगदी किरकोळ काम आहे. आणि तोटीवरची प्लास्टिकची टोपी, हो ती छोटी टोपी, ती हरवली असेल तर आजच नवीन आणा, आत रबर असलेली. खरं सील ती टोपीच करते, लोक तिला नुसतं झाकण समजतात. बाहेर कुठेच सापडलं नाही तर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, तिचं लिकेज पाणी टपकतं त्या नळीपाशी डिटेक्टर धरला तर कळतं. ते निघालं तर खर्च मोठा आहे, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो बऱ्याच गाड्यांत, म्हणून पक्कं झाल्याशिवाय "कॉइल गेली" यावर हो म्हणू नका, लिकेज दाखवा म्हणा.

लिकेज बंद झालं की व्हॅक्यूम, निदान अर्धा तास, आणि पंप बंद करून १५-२० मिनिटं काटा जागेवर राहतो का ते बघायचं. इथे घाई करतात लोक. व्हॅक्यूमचं काम नुसती हवा काढायचं नाही, ओलावा उकळून बाहेर काढायचं आहे, तो राहिला तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये बर्फाचा कण अडकतो, एसी थोडा वेळ गार, मग बंद, मग परत गार, असं चालू होतं आणि तेलात ॲसिड तयार होतं ते वेगळंच. मग जेवढं तेल निघालं तेवढं, गाडीला लागतं त्याच नंबरचं, आणि मग स्टिकरवरचा गॅस काट्यावर तोलून. बस. त्यात हिरवा पट्टा वगैरे काही लागत नाही.

ज्या वाचकांच्या गाड्या हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहेत त्यांनी तर हे घरगुती किट अजिबात लावू नका, तिथे कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि तेल वेगळं असतं, चुकीचं तेल गेलं तर करंट बॉडीत यायची भीती. आणि परदेशात राहणाऱ्यांच्या नव्या गाड्यांत आता आर-१२३४वायएफ नावाचा दुसरा गॅस असतो, त्यात आर-१३४ए मिसळायचा नाही, त्याच्या तोट्याही म्हणूनच वेगळ्या ठेवल्यात.

२० तारखेचं. काम अर्ध्या-एक दिवसाचं आहे, पार्ट मागवावा लागला नाही तर, म्हणून याच आठवड्यात न्या, १९ तारखेवर ठेवू नका. नाहीच झालं तर पहाटे लवकर निघा, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, ऊन चढायच्या आत पोचाल, आणि गावात, टोलला, जिथे गाडी थांबते तिथे एसी बंदच ठेवा, टकटक करत कंप्रेसर चालवत बसू नका. पण येताना दुपार होणार, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर माणसाला काचा उघड्या टाकून धुळीत, झळांत आणणं बरोबर नाही. तेव्हा दुरुस्ती झाली नसेल तर मी म्हणेन आईंना ट्रेनच्या एसी डब्यातून न्या, मुंबई-हावडा लाइनवर आहात, गाड्यांची कमी नाही. गाडीचं नंतर बघता येईल.

तो सीलबंद कॅन परत घेत असतील तर परत करा. नसतील घेत तर एसीचं काम करणाऱ्या दुकानवाल्याला विचारा वापरता येईल का, चांगल्या कंपनीचा असला तर तोही तोलून भरू शकतो. तोवर सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत बिलकूल नको, उन्हात उभ्या गाडीत तापमान इतकं चढतं की हे कॅन फुटू शकतात.

गाडी ताब्यात घेताना दुपारी घ्या, संध्याकाळच्या गार हवेत सगळेच एसी चांगले वाटतात. काचा बंद, आतली हवा फिरवायचं बटण दाबून, मधल्या जाळीत थर्मामीटर खोचून दहा मिनिटं गाडी चालवा, तुमच्याकडच्या कोरड्या उन्हात ८ ते १२ अंश मिळालं तर काम झालं, आणि मग मुद्दाम पाच मिनिटं उभी करून परत बघा, थोडं चढेल पण गरम हवा यायला नको, कंप्रेसरही सारखा सुटायला नको. बिलावर जुना गॅस किती ग्रॅम निघाला आणि नवा किती भरला हे दोन्ही लिहून घ्या. जुना किती निघाला तो आकडा मला पण कळवा, तुम्ही वजनकाट्यावर काढलेल्या फरकाशी तो लावून बघू, त्यावरून आधी आत किती उरला होता ते निघेल आणि तुमचं लिकेज किती मोठं आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येईल.